तळटीप क्रमांक सात

निकालाचा पत्ता कसा लिहावा यावरून शिकली-सवरलेली माणसं भांडतात, हे बाहेरच्या कुणाला सांगितलं तर तो हसेल. आम्ही मात्र भांडलो, आणि चांगले तीन आठवडे भांडलो. भंडाऱ्याच्या आमच्या विधी महाविद्यालयात तेव्हा शिकवणारे आम्ही मोजून पाच जण होतो. धानाचे रोवणे चालू होते, निम्मे विद्यार्थी घरच्या बांधीत, भाताच्या खाचरात, चिखलात उभे होते आणि वर्ग ओस पडले होते, त्यामुळे भांडायला वेळही भरपूर होता.

प्रश्न असा होता. वकील कोर्टात म्हणतो, किंवा विद्यार्थी निबंधात लिहितो, की अमुक मुद्द्यावर उच्च न्यायालयानं असं म्हटलं आहे. मग ते कुठं म्हटलं आहे हे त्याला सांगावं लागतं. निकाल छापणाऱ्या कोणत्या ग्रंथमालेत, कोणत्या सालाच्या खंडात, कितव्या पानावर. याला सगळे सायटेशन म्हणतात. ते लिहायच्या पद्धती मात्र ढीगभर. अमेरिकेतल्या विद्यापीठांची एक, इंग्लंडची एक, दिल्लीकडच्या संशोधकांची एक. त्यात हल्ली न्यायालयं स्वतःच प्रत्येक निकालाला क्रमांक देऊ लागली आहेत, तो आणखी वेगळा. कुणी साल गोल कंसात टाकतो, कुणी चौकोनी. कुणी पक्षकारांची नावं तिरप्या अक्षरांत लिहितो, कुणी सरळ. आमच्याकडे प्रत्येक शिक्षक स्वतःला येईल ती पद्धत शिकवायचा आणि बाहेरून आलेला परीक्षक भलतीच मागायचा. पोरांचे हाल कुत्रं खात नव्हतं. म्हणून प्राचार्यांनी सांगितलं की एकच पद्धत ठरवा आणि तीच शिकवा.

इंग्लंडची पद्धत घ्यावी हा माझा आग्रह. आमच्या मुलांनी नागपूर-दिल्लीच्या मुलांच्या पंगतीत बसावं, असं कारण मी सभेत दिलं. खरं कारण एवढंच होतं की माझा प्रबंध मी त्या पद्धतीनं लिहिला होता आणि मला दुसरी धड येत नव्हती. आठवड्यातून दोन दिवस शिकवायला येणारे एक वयस्कर वकीलसाहेब होते. उरलेले दिवस ते जिल्हा न्यायालयात आणि अधूनमधून साकोलीच्या कोर्टात असत. तीन आठवडे ते गप्प बसले आणि शेवटच्या सभेत म्हणाले, "सर, स्वल्पविराम तुमी कुठी बी ठेवा. जजसाहेब पुस्तक मागते आन् पान मागते. पोराईले पुस्तक उघडाले शिकवा, झालं."

मी त्यांना म्हणालो की ही वकिलांची बार रूम नाही, महाविद्यालय आहे. ते हसले. मला त्यांच्या हसण्याचा राग आला आणि तो बरेच दिवस टिकला.

माझंच खरं झालं. प्राचार्य कंटाळले होते. त्यांनी इंग्लंडची पद्धत मान्य केली आणि तिच्यावर मराठीत एक छोटी मार्गदर्शिका लिहायचं काम मला दिलं. पावसाळाभर मी तेच केलं. निळ्या कव्हरची, हातात मावेल अशी पुस्तिका, वर माझं नाव. शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांनीही प्रती मागवल्या तेव्हा मी काही दिवस हवेत होतो, खोटं कशाला बोलू.

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर नमुना म्हणून एक निकाल हवा होता. तो आपल्या मातीतला असावा असं मला वाटलं. आमच्याकडे गावोगाव मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातले तलाव आहेत. त्या तलावाच्या पाण्यावर, मासोळीवर, गाळावर गावकऱ्यांचा हक्क किती, यावरचा एक जुना निकाल भंडाऱ्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं दाखवला जातो. मी वकिली शिकत होतो तेव्हा माझे सीनियर नुसतं साल आणि पान बोलायचे, शिपाई बार रूमच्या कपाटातून तो लाल खंड काढून आणायचा आणि पान उघडलं की निकाल समोर. साकोलीचे वकीलही हे सायटेशन इथूनच उतरवून नेत. मला ते पाठ होतं. तरी पुस्तिका छापण्याआधी मी बार रूममध्ये गेलो, खंडाच्या पाठीवरचं सोनेरी अक्षरांतलं साल पाहिलं, पान उघडून निकाल पाहिला. तपासलं म्हणून मला बरंही वाटलं. मग साल चौकोनी कंसात की गोल कंसात, यावर मी एक आख्खी दुपार घालवली.

आता त्या मुलीबद्दल सांगतो. ती तिसऱ्या वर्षाला होती. आंधळगावच्या पलीकडून रोज एसटीनं यायची, त्यामुळे पहिल्या तासाला नेहमी पाच-दहा मिनिटं उशीर. मध्येच हात वर न करता सरळ प्रश्न विचारायची. सुरुवातीला मला ते खटकायचं. नंतर लक्षात आलं की तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणजे मला घरून वाचून यावं लागतं, आणि खटकत होतं ते हे.

नागपूरच्या एका विधी संशोधन केंद्राला वर्षभरासाठी एक संशोधन सहायक हवा होता. अर्जासोबत स्वतः लिहिलेला लेख पाठवायचा होता. आमच्या महाविद्यालयातून आजवर तिथं कुणी अर्जसुद्धा केला नव्हता. तिनं आपल्या गावच्या तलावावर लेख लिहिला आणि मला दाखवायला आणला. म्हणाली, "सर, घरी मी एक वर्स मागून घेतलं हाये. हे झालं तं पुढं शिकाले भेटन. नाही तं पाहुणे येऊन राहिले." पाहुणे म्हणजे तिला बघायला येणारे. हे ती हसत बोलली, पण मला समजलं की तिचं सगळं या एका लेखावर आहे.

लेख चांगला होता. पाण्याची पाळी कशी ठरते, रोवण्याच्या वेळी पाणी आधी कुणाच्या बांधीत जातं, मासोळीचा ठेका घेणारा पाणी का अडवतो, हे सगळं तिनं गावातल्या माणसांशी बोलून लिहिलं होतं. मी मात्र लाल पेन घेऊन तळटिपा बघत बसलो, कारण तळटिपा माझ्या पद्धतीनं लिहिल्या होत्या. सातवी तळटीप म्हणजे माझ्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावरचा तो निकाल.

ती म्हणाली, "सर, हे सायटेशन मी नेटवर टाकून पाह्यलं. त्या सालाच्या त्या पानावर तं विक्रीकराचा खटला दिसून राहिला. तलावाचा नाही."

मी मान वर न करता म्हणालो, "नेटवर जुनी पानं इकडची तिकडे झालेली असतात. पुस्तक खरं मानायचं. बार रूममध्ये जा आणि डोळ्यांनी बघ."

ती गेली. तासाभरानं परत आली आणि म्हणाली, "हो जी सर, पुस्तकात हाये." मी म्हणालो, बघ, मी सांगितलं होतं. आणि त्याच तळटिपेतला एक जादा स्वल्पविराम मी लाल पेनानं खोडला. तो स्वल्पविराम मला अजून दिसतो.

दिवाळीनंतर केंद्राचं पत्र आलं. एक प्रत तिला, एक प्राचार्यांना. तळटीप क्रमांक सातमध्ये दिलेला निकाल त्या जागी नाही, तिथं वेगळाच खटला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनानं रचलेला खोटा संदर्भ वापरल्याचं दिसतं. सबब अर्ज नाकारण्यात येत आहे. महाविद्यालयानं चौकशी करून अहवाल पाठवावा, आणि तोवर या विद्यार्थिनीला केंद्राच्या कोणत्याही उपक्रमात अर्ज करता येणार नाही. निकालात पक्षकार म्हणून एका बाजूला राज्य सरकार आणि दुसऱ्या बाजूला असं नाव, की जे आमच्या जिल्ह्यात दर चौथ्या घरात सापडेल. नावावरून शोधायला गेलं तर शेकड्यांनी खटले निघतात. त्या लोकांनी साल आणि पान पाहिलं, दुसराच खटला दिसला आणि ते थांबले. सध्या यंत्राकडून खोटे निकाल लिहून घेणाऱ्या वकिलांच्या बातम्या येतच असतात. त्यांचा संशय मला समजू शकतो.

प्राचार्यांनी पत्र माझ्या हातात दिलं तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार सांगायला लाज वाटते. मला वाटलं, पोरीनं उतरवताना काहीतरी घोळ घातला. मी घरी जाऊन माझी पुस्तिका काढली. पुस्तिकेत आणि पत्रात साल तेच होतं, पानही तेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे वकील कोर्टात असताना, मी बार रूममध्ये गेलो. तो खंड काढला. पान उघडलं, तलावाचा निकाल जागच्या जागी. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मी शेजारचा, पुढच्या सालाचा खंड काढला आणि त्यात तेच पान उघडलं. तिथं विक्रीकराचा खटला होता.

मी दोन्ही खंड टेबलावर शेजारी ठेवले. दोन्हींची सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्लेली. पानांच्या माथ्यावर साल छापलेलं असतं, पण बाइंडिंग करणाऱ्यानं कडा कापताना माथेही कापले होते. राहिलं ते फक्त पाठीवरचं साल, आणि त्या बाइंडिंगवाल्यानं दोन पुठ्ठे एकमेकांच्या जागी चिकटवले होते. कधीकाळी, कुणाच्या लक्षातही न येता. तेव्हापासून भंडाऱ्याचे वकील पुठ्ठ्यावरचं साल बोलत होते, शिपाई पुठ्ठा बघून खंड काढत होता, पान बरोबर उघडत होतं आणि न्यायाधीश मान डोलावत होते. इथं ते सायटेशन बिनचूक होतं. जिल्ह्याबाहेर गेलं की खोटं.

मी दोन्ही खंड परत जागेवर ठेवले. खरं साल एका चिठ्ठीवर लिहून खिशात टाकलं. तिथं कुणी नव्हतं, आणि कुणी नव्हतं याचं मला बरं वाटलं, एवढं मला चांगलं आठवतं.

चौकशी समिती म्हणजे प्राचार्य, मी आणि आमचे एक सहकारी, जे सगळ्या समित्यांवर असतात आणि कुठंही बोलत नाहीत. प्राचार्यांनी अहवाल आधीच टाइप करून ठेवला होता. त्यात होतं की विद्यार्थिनीनं मूळ संदर्भाची पुरेशी खातरजमा केली नाही, तिला समज देण्यात येत आहे. सभेआधी मला ते बाजूला घेऊन म्हणाले, "जागा तर तिची गेलीच. फार ताणलं तर आपलं नाव पेपरात येईल. सौम्य शब्दांत मिटवू." मी हो म्हणालो. माझ्या खिशात ती चिठ्ठी होती.

ती आत आली, उभीच राहिली. प्राचार्यांनी बसायला सांगितल्यावर बसली. टेबलावर तिचा लेख होता, केंद्राचं पत्र होतं आणि संदर्भ म्हणून कुणीतरी माझी निळी पुस्तिकाही आणून ठेवली होती. प्राचार्यांनी विचारलं, "यंत्राकडून लिहून घेतलंस का?"

"नाही जी सर."

"मग हा निकाल तुला दिला कुणी?"

तिनं पुस्तिकेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्या वेळी मी काय करायला हवं होतं हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही. मी टेबलावरचा कागद सरळ केला.

"बार रूममधल्या पुस्तकात पाह्यला जी," ती म्हणाली. "पुन्हा तपासाले पाह्यजे होता. माह्यी चूक झाली."

प्राचार्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "सर, तुम्हाला काही म्हणायचंय?" मी नाही म्हणालो. अहवालावर तिघांनी सह्या केल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी वर्गात किती वेळा वापरली असेन. त्या दिवशी संन्यासी समोर बसला होता आणि सही मी करत होतो.

आपण असं का वागलो याची मी स्वतःला बरीच उत्तरं दिली. तिची जागा तशीही गेलीच होती. शिक्षा सौम्य होती. पुस्तिका तीन-चार महाविद्यालयांत गेली होती, तिच्या पहिल्याच पानावर चूक निघाली असती तर महाविद्यालयाची शोभा झाली असती. यातलं 'महाविद्यालय' काढून तिथं माझं नाव घातलं की उत्तर खरं होतं.

ती वर्गात यायची बंद झाली. पहिल्या तासाला दारात कुणी उशिरा उभं राहत नव्हतं. मी फळ्यावर कंस काढून दाखवत होतो आणि पोरं वहीत उतरवून घेत होती. एकदा मी मध्येच थांबलो आणि विचारलं की यातल्या कुणी आजवर निकालांचा खंड हातात घेतला आहे का. एक हात वर आला. मी पुढं काय शिकवलं ते मला आठवत नाही, पण त्या दिवशी तास लवकर सोडला.

शेवटी मी वकीलसाहेबांना सांगितलं. त्यांना बार रूममध्ये नेऊन दोन्ही खंड दाखवले. ते बराच वेळ एकदा हा पुठ्ठा, एकदा तो असं बघत राहिले. मग खुर्चीत बसून म्हणाले, "आता बापा. म्हंजे आमी सारे आजपर्यंत पुठ्ठ्याच्या भरोशावर वकिली करून राहिलो होतो." पुठ्ठे बदलून घ्यायला हवेत असं मी म्हणालो तर त्यांनी हात हलवला. "कायले बदलवता? शिपायाले हेच समजते. बदलवले तं उद्या पुस्तक भेटन नाही." थोड्या वेळानं चष्मा काढून त्यांनी विचारलं, "आन् पोरीचं काय केलं तुमी?"

मी दोन्ही खंड उचलून कपाटात ठेवले. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

त्याच दिवशी मी केंद्राला पत्र लिहिलं. दोन्ही खंडांचे फोटो जोडले, खरं साल कळवलं, चूक स्थानिक बांधणीतली असून विद्यार्थिनीचा हेतू शुद्ध होता असं लिहिलं. पत्र फार सभ्य होतं. त्यात मी कुठंच नव्हतो. आठवड्याभरात उत्तर आलं. निकाल अस्तित्वात आहे हे त्यांनी मान्य केलं होतं. मात्र सोबत आमच्या अहवालाची प्रत जोडून लिहिलं होतं की आपल्याच सहीच्या या अहवालात विद्यार्थिनीनं चूक कबूल केली आहे. महाविद्यालयाची नेमकी भूमिका काय, आणि आपलं कोणतं म्हणणं खरं धरावं, ते कळवावं. त्यावर निर्णय होईपर्यंत तिच्यावरची बंदी कायम राहील.

प्राचार्यांनी ते पत्र वाचून माझ्यापुढे सरकवलं. "तुम्हीच हात दाखवून अवलक्षण केलंत," ते म्हणाले. "आता गप्प बसा. ती पोरगी परीक्षा देईल, वकिलीची सनद काढेल, सगळं विसरेल."

पुढच्या रविवारी मी मोहाडीमार्गे आंधळगावच्या एसटीत बसलो. तिची माफी मागायला जातो आहे असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर तिनं 'जाऊ द्या सर' म्हणावं यासाठी मी चाललो होतो. आंधळगावला उतरून पुढं ऑटो केला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून झालं होतं आणि बांध्यांमधून थ्रेशर चालू होते, हवेत सगळीकडे तनसाचा भुसा.

तिच्या घरी अंगणात धानानं भरलेले गोणपाटाचे कट्टे रचलेले होते. ती कट्टे शिवत होती. मला बघून उठली, हात झटकले, खुर्ची आणली. मी काही बोलायच्या आत तिची आई आतून आली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चक्क माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरलो.

"बसा जी सरजी," ती म्हणाली. "पोरीनं सांगितलं सारं. तुमी होते म्हनून वाचली. नाही तं कालेजातून काढूनच टाकत होते म्हने. लय उपकार झाले जी तुमचे."

मी मुलीकडे पाहिलं. ती पुन्हा कट्टा शिवायला बसली होती, सुतळीकडे बघत. तिच्या आईनं चहा आणला, सोबत बशीभर चिवडा. मी चहा प्यायलो. जन्मात इतका कठीण चहा मी प्यायलो नाही. आई सांगत होती की पाहुणे पसंत पडले आहेत, मुलगा गोंदियाला असतो, पण पोरगी अजून हो म्हणत नाही. तुमचं ऐकते, तुम्ही तिला सांगा. मी मान हलवली आणि निघतो म्हणालो.

ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. वाट तलावाच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून जात होती. मी तिला चालता चालता सगळं सांगितलं. दोन खंड, बदललेले पुठ्ठे, खिशातली चिठ्ठी. ती पुढे चालत होती. शेवटी थांबली आणि म्हणाली, "सर, चौकशीच्या दिवशी तुमाले माहीत होतं?"

"होतं."

"मी तं समजून राहिली होती का तुमाले बी माहीत नाही. तुमची पुस्तिका तिथं ठेवून होती. मी म्हटलं सरांचं नाव कायले खराब करा, मी चूप राहते." तिचा आवाज चढला नव्हता. "मंग तुमी काहून चूप होते?"

या प्रश्नाला मी घरून काही वाचून आलो नव्हतो. मी खरं ते सांगितलं. म्हणालो, "पुस्तिकेसाठी. माझं नाव होतं तिच्यावर."

तिनं मान हलवली, जशी वर्गात एखादा मुद्दा समजल्यावर हलवायची. रस्त्यावर माझा ऑटो उभा होता, ऑटोवाल्यानं भोंगा वाजवला. मला वाटलं आता ती म्हणेल, जाऊ द्या सर. मी त्याची वाट बघत होतो.

"मले सांगून काय फायदा," ती म्हणाली. "घरी चला. आईले सांगा."

मी म्हणालो की ऑटोवाला थांबायचा नाही. ती म्हणाली नाही थांबला तर भाऊ आंधळगावला सोडून देईल. आणि ती वळून चालायलाही लागली. मी ऑटोवाल्याला जायला सांगितलं आणि तिच्या मागून गेलो.

आई कप धूत होती. आम्हाला परत आलेलं बघून ती उभी राहिली. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तुमच्या मुलीनं काही चूक केली नाही. तो निकाल मी दिला होता. तिनं मला विचारलं होतं, मी तिचं ऐकलं नाही. मग तिला दोष लागला तेव्हा मला खरं माहीत होतं, आणि मी तिच्याविरुद्ध सही केली. कायद्याचे शब्द बाजूला ठेवले तर हे एवढंच होतं, चार-पाच वाक्यांचं.

आईनं हातातला कप खाली ठेवला. तिनं पदरानं हात पुसले. पुन्हा 'सरजी' म्हणाली नाही. म्हणाली, "इथं सांगून काय होते? जिथं तिचं नाव खराब झालं तिथं सांगा."

मुलगी आतून वही आणि पेन घेऊन आली. पान फाडून माझ्यासमोर धरलं. मी धानाच्या कट्ट्यावर वही टेकवून लिहायला बसलो. आधी केंद्राचं नाव, मग विषय, मग संदर्भ. मग निकालाची हकिगत लिहिली, दोन खंडांची, खऱ्या सालाची. विद्यार्थिनीनं शंका घेतली होती आणि ती मी उडवून लावली, हे लिहिलं. माझी पुस्तिका मी मागे घेत आहे, हे लिहिलं. आणि शेवटी एक ओळ: चौकशीच्या दिवशी मला सत्य माहीत होतं, तरी मी तिच्याविरुद्धच्या अहवालावर सही केली. खाली सही करून मी कागद तिला दिला.

तिनं तो उभ्यानं वाचला. आईला काही वाचून दाखवलं नाही. मग कागद माझ्याकडे परत केला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे सर्वांत वर घ्या, सर," ती म्हणाली. "खालपर्यंत कोनी वाचत नाही."

मी दुसरं पान मागितलं आणि त्या ओळीपासून लिहायला सुरुवात केली.